समासात राहिलेले उत्तर

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

पत्रिकेत माझा विषय ‘देशोदेशीची मते आणि मूल्ये मोजता येतात का?’ असा छापला आहे. माझे उत्तर सुरुवातीलाच सांगते. मोजता येतात, पण ज्या भाषेत प्रश्न विचारला गेला, त्या भाषेतला मूळ प्रश्न टक्क्यांच्या शेजारी छापलेला असेल, तरच त्या मोजमापाला अर्थ राहतो. असे मला का वाटते आणि मग दोन देशांची तुलना कोणत्या रीतीने करता येते, या दोन्ही गोष्टी आज तुमच्यापुढे मांडायच्या आहेत.

दर वर्षी मार्चच्या विशीत आपल्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: आनंदी देशांच्या यादीत भारत अमुक क्रमांकावर. 2024 साली 143 देशांत आपण 126वे होतो. फिनलंड 2018पासून दर वर्षी पहिला येतो. मग दोन दिवसांत अग्रलेख येतात, भारतीय माणूस एवढा दुःखी का, याची कारणे शोधली जातात, कोणी एकत्र कुटुंब मोडल्याला दोष देतो तर कोणी मोबाइलला. या अग्रलेखांविषयी माझी जुनी तक्रार आहे. ज्या प्रश्नावर ही क्रमवारी उभी आहे, त्या प्रश्नात ‘आनंद’ हा शब्दच नाही.

प्रश्न शिडीचा आहे. एक शिडी डोळ्यांसमोर आणा, तिची सर्वांत खालची पायरी शून्य आणि सर्वांत वरची दहा. वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने शक्य असलेले सर्वांत चांगले आयुष्य आणि खालची म्हणजे सर्वांत वाईट. तर आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात, असे विचारतात. ही शिडी हॅडली कँट्रिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात भारतासह डझनाहून अधिक देशांतल्या मुलाखतींचा अभ्यास आहे. त्यात आपल्याकडचा एक पस्तीस वर्षांचा निरक्षर शेतमजूर भेटतो. त्याला मुलगा हवा आहे, दुसऱ्याच्या शेतात राबतो म्हणून स्वतःचा जमिनीचा तुकडा हवा आहे, राहते घर हवे आहे, दुधातुपासाठी एक गाय हवी आहे आणि बायकोला जरा बरी वस्त्रे घ्यायची आहेत. एवढे झाले की मी सुखी होईन, असे तो सांगतो. त्याच ग्रंथातल्या अमेरिकन माणसाच्या शिडीची वरची पायरी अर्थातच निराळी आहे.

कँट्रिलच्या पद्धतीचे मर्म इथे आहे. त्याने आधी माणसाला मोकळेपणाने बोलू दिले, तुझ्या आशा कोणत्या, तुला भीती कशाची वाटते हे विचारले, आणि मगच शिडी पुढे केली. शिडीची दोन्ही टोके ज्याची त्याने ठरवायची होती. पुढे जगभर हा प्रश्न विचारला जाऊ लागला, तेव्हा शिडी राहिली आणि आधीचे बोलणे गळून गेले, कारण बोलण्याला वेळ लागतो आणि वेळेला पैसे लागतात. आज आपल्याकडे एक आकडा येतो; त्या आकड्यामागची गाय आणि जमिनीचा तुकडा येत नाही.

आता सभागृहातच एक प्रयोग करू या. वाटेत कोणी भेटला आणि ‘काय, कसं काय?’ म्हणाला, तर ‘उत्तम, याहून चांगलं असूच शकत नाही’ असे ज्यांच्या तोंडून सहज निघते, त्यांनी हात वर करावा. चार हात दिसतात, आणि चारही मागच्या बाकांवरच्या तरुण मंडळींचे आहेत. ‘बरं चाललंय’ असे कोण म्हणते? हे जवळजवळ अख्खे सभागृह झाले. हे ‘बरं’ कितव्या पायरीवर बसते? पाचव्या, सहाव्या की आठव्या? आपल्याकडे चांगले चाललेले असतानाही माणूस ‘बरं’ म्हणतो, कारण चारचौघांत सुख बोलून दाखवले तर दृष्ट लागते, अशी आपली शिकवण आहे. खेड्यात याच्या जोडीला आणखी एक गोष्ट असते. फॉर्म घेऊन दारात आलेला माणूस दारिद्र्यरेषेच्या यादीसाठी आला असावा, असे गृहीत धरले जाते. ‘आमचं नाव लावा हो यादीत’ असे म्हणत दुसऱ्या पायरीवर बोट ठेवणारी, पण दारात ट्रॅक्टर उभा असलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांना खोटारडे म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांच्या अनुभवात फॉर्म म्हणजे योजना, आणि योजनेच्या फॉर्मवर ज्याने स्वतःला वरच्या पायरीवर दाखवले, त्याचे धान्य बंद झाले.

हे मी ऐकीव सांगत नाही. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस, शिक्षण संपवून मी नुकतीच एका सर्वेक्षणात लागले होते आणि परभणी जिल्ह्यात फॉर्म भरत होते. ज्वारीची काढणी चालू होती, त्यामुळे माणसे घरी सापडत ती पहाटे किंवा दिवेलागणीनंतर. एका गावी माझ्या यादीत एक मोठे घर आले. ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या बैठकीत, घरचे आजोबा आणि गावातली चार-पाच पुरुषमंडळी बसलेली. मी घरातल्या प्रौढांची नावे लिहून घेतली: सात. आता या सातांतल्या कोणाशी बोलायचे, हे ना मी ठरवायचे असते ना त्यांनी. लेस्ली किश नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने 1949 साली मांडलेला एक तक्ता फॉर्मवर छापलेला असतो. घरातल्या प्रौढांना ठरलेल्या क्रमाने लिहायचे, फॉर्मच्या क्रमांकाप्रमाणे तक्त्यातला रकाना पाहायचा, आणि त्यात जो आकडा येईल ती व्यक्ती आपली उत्तरदाती. ती घरी नसेल तर पुन्हा यायचे, तरीही नसेल तर पुन्हा. तिच्या बदली दुसरे कोणी चालत नाही. या हट्टाचे कारण उघड आहे. जो समोर दिसेल त्याला विचारत गेलो, तर देशाचे मत म्हणून आपण ढाळजेत बसणाऱ्या पुरुषांचे मत छापू.

तक्त्याने धाकटी सून काढली. आजोबांना ते मुळीच पटले नाही. ‘तिला काय कळतंय ताई, मला इचारा की. घरात मी असताना सुनेला कशाला?’ त्यांना मी चिठ्ठी काढण्याचे उदाहरण देऊन समजावले. वीस मिनिटांनी त्यांनी परवानगी दिली, ती अशी की मुलाखत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर व्हावी आणि सासूबाई शेजारी बसाव्यात. सून भाकरी थापत होती. तव्यावर भाकरी टाकून तिला पाणी लावायचे आणि मग माझ्या प्रश्नाकडे वळायचे, असा तिचा क्रम होता. वय विशीच्या आतबाहेर, शिक्षण सातवी.

तेवीसावा प्रश्न विश्वासाचा होता. जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या सर्वेक्षणात हा प्रश्न असतो आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांपासून तो विचारला जातो आहे. आमच्या फॉर्मवर तो असा होता: ‘सर्वसाधारणपणे पाहता, बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो असे तुम्हांला वाटते, की लोकांशी व्यवहार करताना फार जपून राहावे लागते?’ पहिल्या उत्तराला कोड एक, दुसऱ्याला दोन, सांगता येत नाही याला आठ.

तिने भाकरी उलटली आणि मलाच विचारले, ‘लोक म्हंजी कोन्ते, ताई? माहेरचे का सासरचे?’

सासूबाई शेजारीच होत्या. त्या हसल्या, मग सूनही हसली. प्रशिक्षणात आम्हांला बजावलेले होते की प्रश्नाचा अर्थ आपण सांगायचा नाही, तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा वाचायचा. मी पुन्हा वाचला. या वेळी ती थांबली, विचार केला आणि म्हणाली, ‘इश्वास तर ठेवावाच लागतो, अन् जपून बी ऱ्हावंच लागतं. एक सोडून दुसरं कसं व्हईल?’

मी काय करायला हवे होते? एक, दोन की आठ? मी आठला गोल केला आणि तिचे शब्द जसेच्या तसे समासात लिहून ठेवले. फॉर्म जमा करताना डेटा भरणाऱ्या खोलीतल्या गृहस्थांना मी ती नोंद दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, ‘चांगलं लिहिलंय. पण समासाला कोड नाही.’ ते खरेच होते आणि त्यांचा दोषही नव्हता. त्या बाईचे उत्तर ‘सांगता येत नाही’ या रकान्यात गेले. त्या संध्याकाळी दोन वाक्यांत तिने जे सांगितले, तेवढे स्पष्ट त्या खेपेला मला कोणीच सांगितले नव्हते.

पुढे वाचत गेले तेव्हा कळले की ज्यांनी आयुष्यभर विश्वासाचा अभ्यास केला, त्यांनाही हे दोन्ही मुद्दे सापडले आहेत. जपानचे समाजमानसशास्त्रज्ञ तोशियो यामागिशी यांनी 1990च्या दशकात मांडले की विश्वास आणि सावधपणा एकाच काठीची दोन टोके नाहीत. माणूस विश्वास ठेवणारा आणि सावध दोन्ही असू शकतो. परभणीच्या सुनेचा दुसरा मुद्दा हाच होता. तिच्या पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे ‘लोक कोणते?’ याकडे, मी थोड्या वेळाने येते.

त्याआधी आपल्या भाषेतल्या काही शब्दांविषयी बोलले पाहिजे, कारण सर्वेक्षणाचे खरे हत्यार म्हणजे शब्द. मराठीत ‘लोक’ म्हणजे सगळी माणसे नव्हेत. ‘लोक काय म्हणतील’ या वाक्यातले लोक आठवा. ते आपल्याकडे पाहणारे, नावे ठेवणारे असतात. ‘आपली माणसं’ आणि ‘लोक’ हे आपल्या तोंडी जवळजवळ विरुद्धार्थी शब्द आहेत. मग बहुतेक ‘लोकांवर’ विश्वास आहे का, असे विचारले, तर उत्तर अर्धे प्रश्नानेच दिलेले असते. अनेक देशांत होणाऱ्या जागतिक मूल्य सर्वेक्षणात आयुष्यात कुटुंब, मित्र, फावला वेळ, राजकारण, काम आणि धर्म यांचे महत्त्व किती, असा एक प्रश्न असतो. मराठी घरात ‘राजकारण’ या शब्दाचा पहिला वापर कोणता होतो? ‘आमच्या घरात राजकारण नको.’ म्हणजे कपट, गटबाजी, एकाला एक सांगून दुसऱ्याला दुसरे सांगणे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत रात्रभर जागणारा माणूसही ‘राजकारण? मुळीच महत्त्वाचं नाही’ असे ठामपणे सांगतो आणि तो खरेच बोलत असतो. ‘धर्म’ तर त्याहून अवघड. आपण शेजारधर्म पाळतो, धर्मशाळेत उतरतो, धर्मादाय दवाखान्यात जातो, दारात आलेल्याला पाणी देणे हा आपला धर्म मानतो. या प्रश्नाला ‘फार महत्त्वाचा’ असे उत्तर देणाऱ्या बाईंच्या मनात देऊळ होते की शेजारीण, हे आकडा सांगत नाही. इंग्रजीतल्या मूळ शब्दाला एवढे अंगण नाही.

‘लोकशाही’चेही असेच आहे. निजामशाही, आदिलशाही, नोकरशाही, हुकूमशाही यांच्या रांगेत मराठीने लोकशाही बसवली आहे, आणि हिंदीने लोकतंत्र. दोन्हींच्या नादात फरक आहे. म्हणूनच आपल्याकडच्या ‘लोकनीती’ या संशोधन उपक्रमाच्या अभ्यासकांनी दक्षिण आशियातल्या पाच देशांत केलेल्या आणि 2008 साली अहवालरूपाने आलेल्या लोकशाहीविषयक सर्वेक्षणाची मला फार कदर आहे. लोकशाही हवी की नको, एवढ्यावर न थांबता लोकशाही म्हणजे तुमच्या लेखी काय, हेही त्यांनी मोकळेपणाने विचारले. ज्या कामात समासाला कोड दिला जातो, ते काम असे असते. भारतात तर हा प्रश्न देशाच्या आतच उभा राहतो. 2019-20मध्ये प्यू या अमेरिकन संस्थेने धर्म या विषयावर भारतात 29,999 प्रौढांच्या मुलाखती घेतल्या, त्या सतरा भाषांत. देशोदेशीच्या तुलनेत जे पेच येतात, ते त्या एकाच देशात सतरा वेळा येतात.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. बारा मिनिटे उरली आहेत, आणि तुलना कशी करायची हे मी कबूल केले होते. तेव्हा उरलेले वेगाने सांगते.

अनेक देशांत एकच प्रश्न विचारण्याची परंपरा युद्धानंतरची आहे. 1948 साली युनेस्कोच्या पुढाकाराने नऊ देशांत एकमेकांविषयीची मते विचारली गेली. 1963 साली आमंड आणि व्हर्बा या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांचा पाच देशांतल्या नागरी संस्कृतीवरचा अभ्यास आला. त्यातले मेक्सिकोचे उत्तरदाते फक्त दहा हजारांहून अधिक वस्तीच्या शहरांतले होते, आणि तरीही ते ‘मेक्सिकन’ म्हणून इतर देशांशेजारी मांडले गेले. 1981पासून युरोपीय मूल्य अभ्यास आणि त्यातून वाढलेले, अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ रोनाल्ड इंगलहार्ट यांनी जगभर नेलेले जागतिक मूल्य सर्वेक्षण सुरू आहे. 2002पासून युरोपियन सोशल सर्व्हे दर दोन वर्षांनी होतो आणि शिस्तीच्या बाबतीत मी त्याला आदर्श मानते: निवड केवळ यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखी, बदली माणूस नाही, आणि प्रत्येक देशाची प्रश्नावली त्याच्या भाषेत सर्वांना पाहण्यास खुली.

भाषांतराची त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. पूर्वी प्रश्न इंग्रजीतून मराठीत आणायचा, मग दुसऱ्याकडून तो पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचा, आणि दोन्ही इंग्रजी जुळले की काम फत्ते, असे समजत. यात धोका हा की ‘विश्वास ठेवता येतो’, ‘विश्वास ठेवता येईल’ आणि ‘विश्वास ठेवायला हरकत नाही’ ही तिन्ही वाक्ये इंग्रजीत परत गेली की जवळजवळ सारखीच दिसतात. उंबऱ्यावर मात्र ती सारखी ऐकू येत नाहीत. युरोपातली रीत अशी की दोघे स्वतंत्रपणे भाषांतर करतात, मग ते दोघे, एक परीक्षक आणि सर्वेक्षणाचा जाणकार एकत्र बसून शब्दाशब्दावर वाद घालतात, निर्णय करतात, तो प्रत्यक्ष माणसांवर तपासतात आणि कोणता शब्द का टाकला याची नोंद ठेवतात. ही नोंद मला सर्वांत मोलाची वाटते.

आता ‘लोक कोणते?’ याविषयी. नॉर्वे-स्वीडनमध्ये साठ टक्क्यांहून अधिक माणसे ‘बहुतेकांवर विश्वास ठेवता येतो’ असे म्हणतात, ब्राझीलमध्ये दहा टक्केसुद्धा नाहीत. चीनही साठाच्या वर आहे. चीन आणि स्वीडन या बाबतीत सारखे कसे? 2005 साली सुरू झालेल्या फेरीत जागतिक मूल्य सर्वेक्षणाने सहा वेगळे प्रश्न जोडले: कुटुंबीय, शेजारी, ओळखीची माणसे, पहिल्यांदाच भेटलेली माणसे, दुसऱ्या धर्माची आणि दुसऱ्या राष्ट्राची माणसे. 2011 साली डेलहे, न्यूटन आणि वेल्झेल या अभ्यासकांनी या उत्तरांवरून दाखवले की चीनमध्ये ‘बहुतेक लोक’ म्हटल्यावर मनात येणारे वर्तुळ लहान असते, स्वीडनमध्ये मोठे. म्हणजे माहेरचे का सासरचे, हा प्रश्न शेवटी छापील प्रश्नावलीत आला, आणि तो आल्यावर देशांची क्रमवारी हलली.

दुसरा उपाय छोट्या कथांचा. सरकारदरबारी तुमचे म्हणणे कितपत ऐकले जाते, असे विचारल्यावर चिनी लोकांनी मेक्सिकन लोकांपेक्षा अधिक समाधानकारक उत्तरे दिली, आणि ती जशीच्या तशी मानणे कोणालाच शक्य नव्हते, कारण मेक्सिकोत मतदारांनी नुकतीच सत्ता पालटलेली होती. 2004 साली अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ गॅरी किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय मांडला. स्वतःविषयी विचारतानाच काही कल्पित माणसांविषयीही विचारायचे: एकाकडे पिण्याचे स्वच्छ पाणी नाही, पण तो शेजाऱ्यांसह निवडणुकीत प्रचार करतो आहे, दुसऱ्याकडेही पाणी नाही, त्याला मत देता येत नाही, सरकारात कोणाला पर्वा नाही, तो निमूट सोसतो आहे. यांचे म्हणणे कितपत ऐकले जाते? सर्वांना गोष्ट तीच, तेव्हा प्रत्येकाची पट्टी कुठे लांब आणि कुठे आखूड आहे ते कळते. त्या पट्टीने पाहिल्यावर कितीतरी चिनी उत्तरदात्यांनी स्वतःला त्या निमूट सोसणाऱ्यापेक्षाही खाली ठेवलेले निघाले. अमर्त्य सेन यांनी 2002 साली आरोग्याबाबत हेच दाखवले होते: आपण आजारी आहोत असे सांगणारे सर्वांत जास्त केरळात, जिथे माणसे सर्वांत दीर्घायुषी आहेत, आणि सर्वांत कमी बिहारमध्ये. पाण्याच्या त्या गोष्टी मराठवाड्यात नेताना एक शब्दही बदलावा लागणार नाही.

प्रश्न नकोत, वर्तनच पाहू, असे म्हणणाऱ्यांसाठी एवढेच सांगते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळीस देशांतल्या 355 शहरांत सतरा हजारांहून अधिक पाकिटे ‘सापडली’ म्हणून निरनिराळ्या कचेऱ्यांत देण्यात आली. पैसे असलेली पाकिटे बहुतेक देशांत अधिक प्रमाणात परत आली, ही त्यातली सुंदर गोष्ट. पण परत करणे मोजले ते मालकाला ईमेल आले का, यावरून. चीन तळाला गेला. पुढे चिनी संशोधकांनी प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तिथले कर्मचारी ईमेल न पाठवता पाकीट जपून ठेवत होते, असे दिसले. वर्तनालाही भाषांतर लागते.

दोन मिनिटे राहिली आहेत. सभागृहाबाहेरच्या टेबलावर मी एका पानाची प्रश्नावली ठेवली आहे. तिच्यात विश्वासाचा प्रश्न तीन निरनिराळ्या मराठी रूपांत आहे, शिडी आहे, आणि राजकारण व धर्माचे प्रश्न आहेत. घरी नेऊन घरातल्या सगळ्या प्रौढांची नावे लिहा आणि मागच्या तक्त्याने ज्या व्यक्तीचा क्रमांक येईल, तिलाच विचारा. तिने उलट प्रश्न केला तर तो तिच्याच शब्दांत लिहून घ्या. त्यासाठी पानाचा समास रुंद ठेवला आहे.